पद्मिनीचा चोक: सकाळी सुरू होत नाही, गरम झाली की काळा धूर

रात्रभर उभी असलेली जुनी पद्मिनी गाडी सकाळी बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारला तरी सुरू होत नाही. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणाऱ्या चोकचा नॉब पूर्ण बाहेर असतो, सेल्फ जोमात फिरत असतो, इंजिन मात्र पकडत नाही. प्लग काढून बघितला तर कोरडा ठणठणीत.

किंवा नेमकं उलट. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, पण गरम झाल्यावर सिग्नलला उभी राहिली की स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरतं तेव्हा, धडधडते. मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास, प्लगच्या टोकावर बोटाला लागणारी मऊ काजळी आणि ॲव्हरेज एकदम खाली.

तिसरा प्रकार म्हणजे नॉब ओढून हात काढला की तो हळूहळू आपोआप आत जातो, त्यामुळे एक हात नॉबवर आणि एक हात किल्लीवर ठेवूनच गाडी सुरू करावी लागते. चौथा प्रकार जरा फसवा आहे. गाडी चांगली गरम झाली तरी चोक अर्धा बाहेर ठेवल्याशिवाय स्लोवर टिकतच नाही.

कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, असलेल्या जुन्या गाड्यांमध्ये ही लक्षणं मी पुन्हा पुन्हा बघत आलो आहे, आणि बहुतेक वेळा गाडी माझ्यापर्यंत येण्याआधी कोणीतरी मिक्स्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू फिरवून ठेवलेला असतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की त्या स्क्रूला हात लावण्याआधी चोक पूर्ण सुटतो का ते बघा. नॉब ओढल्यावर चोक किती लागतो यापेक्षा ढकलल्यावर तो किती सुटतो, यावर गाडीची तब्येत जास्त अवलंबून असते. चोक अर्धवट लागलेला असताना मिक्स्चर जुळवलं तर ते कमी पेट्रोलवर जुळतं. पुढे कधी कोणी चोकची वायर नीट केली की तीच गाडी पेट्रोलला उपाशी पडते, पिकअपला अडखळते आणि गरम होऊ लागते. मग नव्या दुखण्याचा शोध सुरू होतो.

आधी चोकची जात ओळखा

मी मुख्यतः प्रीमियर पद्मिनी धरून लिहितो आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागलेली आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेलेली ही १०८९ सीसीची गाडी आपल्याकडे आजही बऱ्याच घरांत जपलेली आहे. तिच्यावर बहुधा सोलेक्स जातीचा, वरून खाली हवा घेणारा कार्बोरेटर असतो. यात अनेकांचा गोंधळ होतो, कारण एअर क्लीनर काढून वरून बघितलं तर चोकचा फ्लॅप, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, दिसतच नाही. तो नसतोच. कार्बोरेटरच्या अंगाला एक छोटं गोल झाकण असतं, त्याच्या आत भोकं पाडलेली एक चकती असते. नॉब ओढला की चकती फिरते, तिची भोकं आतल्या वाटांसमोर येतात आणि वेगळ्या स्टार्टर जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) भरपूर पेट्रोल थोड्या हवेबरोबर थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, खालच्या बाजूला जातं. म्हणजे मुख्य कार्बोरेटरच्या पोटात थंड इंजिनासाठी दुसरा छोटा कार्बोरेटरच बसवलेला आहे.

विलिस जीपवरच्या कार्टर कार्बोरेटरला किंवा कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ला मात्र सरळ फ्लॅप असतो. तो हवेचं तोंड आवळतो, ओढ वाढते आणि पेट्रोल जास्त येतं. ॲम्बेसेडरवर काही ठिकाणी एसयू कार्बोरेटर सापडतो. त्याच्यात फ्लॅपही नाही नि चकतीही नाही. नॉब ओढला की खालचा जेटच सुईपासून खाली उतरतो आणि सुईभोवतीची फट वाढते.

ही जात माहीत असणं केवळ ज्ञानासाठी नाही. गाडी सुरू करण्याची पद्धतच त्यावर ठरते, आणि सकाळी सुरू न होण्याच्या तक्रारी कित्येकदा इथेच मिटतात. पद्मिनीच्या चकतीला काम करायला थ्रॉटलखालची ओढ लागते. ती थ्रॉटल बंद असतानाच तयार होते. तेव्हा चोक पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि सेल्फ मारा. सेल्फ मारताना पॅडल दाबून धरलं की ओढ मोडते, चकतीतून पेट्रोल येत नाही आणि चोक असून नसल्यासारखा होतो. फ्लॅपच्या गाडीला सुरू करण्याआधी एक-दोनदा पॅडल दाबलेलं चालतं, कारण कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपातून पेट्रोलची पिचकारी आत जाते. एसयूला असा पंपच नसतो, म्हणून तिथे पॅडल हापसून काही मिळत नाही.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये अर्धा मिनिट सोडा. प्लग ओले निघाले, पेट्रोल ओव्हर झालं, तर चोक पूर्ण आत ढकला, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच सेल्फ मारा. आतलं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं.

बिनखर्चाची तपासणी: एक माणूस आत, एक बॉनेटपाशी

ही तपासणी इंजिन थंड आणि बंद असताना करायची. घरातल्या कोणालाही नॉब सावकाश पूर्ण ओढायला आणि पूर्ण ढकलायला सांगा. तुम्ही कार्बोरेटरवरच्या चोकच्या लिव्हरवर नजर ठेवा. नॉब बाहेर आल्यावर लिव्हर शेवटपर्यंत जाते का, आणि आत गेल्यावर परत आपल्या ठोकरीला, म्हणजे थांबायच्या जागेला, टेकते का? फ्लॅप असेल तर एअर क्लीनर काढून बघा. सुटल्यावर तो अगदी उभा राहिला पाहिजे, जरासा तिरका राहिला तरी तो हवेच्या वाटेत आलाच.

नॉब आत गेला म्हणजे चोक सुटला असं समजू नका. नॉब डॅशबोर्डला टेकलेला आणि लिव्हर मात्र ठोकरीपासून चार-पाच मिलिमीटर अलीकडे थांबलेली, हे दृश्य मला वारंवार दिसतं. काळ्या धुराची निम्मी कहाणी तिथेच संपते.

तिथे संपली नाही तर आणखी एक फुकटची खूण आहे. इंजिन गरम करा आणि बंद करा. चोकची वायर कार्बोरेटरच्या टोकाला सोडा आणि लिव्हर बोटाने चोक सुटण्याच्या बाजूला पूर्ण दाबून ठोकरीला टेकवा. मग गाडी सुरू करून स्लो ऐका. धडधड थांबली, धूर गेला, तर दोष वायरचा आहे, कार्बोरेटर खोलायचं काहीच कारण नाही. काही फरक पडला नाही तर वायर निर्दोष, पुढे वाचा. बोटं पंख्यापासून आणि पट्ट्यापासून लांब ठेवा, लांब बाह्यांचा शर्ट घातला असेल तर बाह्या वर करा.

वायर: थोड्या पैशांत

चोकच्या वायरला ओढणं आणि ढकलणं अशी दोन्ही कामं करावी लागतात. म्हणूनच ती मूळची आतून एकच जाड, ताठ तार असते. ती तुटली की बऱ्याच जणांना स्कूटरची क्लच वायर टाकून दिली जाते, आणि माझ्या मते ही या गाड्यांशी होणारी सगळ्यात मोठी हेळसांड आहे. क्लच वायर बारीक तारांची पिळलेली असते. ती ओढायला उत्तम, पण ढकलली की आवरणाच्या आतच गोळा होते. नॉब आत जातो, लिव्हर जागची हलत नाही. तुमच्या गाडीत कार्बोरेटरच्या टोकाला पिळलेली वायर दिसली तर पुढची तपासणी बाजूला ठेवा आणि आधी एकेरी ताठ तारेची चोक वायर आणून बसवा. अगदी नाइलाज असेल तर लिव्हरला परत खेचणारी स्प्रिंग तरी असलीच पाहिजे.

तार बरोबर असेल तर तीन जागा बघा. कार्बोरेटरपाशी बाहेरचं आवरण धरणारी क्लिप ढिली झाली की नॉब ओढल्यावर आतल्या तारेऐवजी आवरणच सरकतं. लिव्हरवर तार आवळणारा छोटा स्क्रू ढिला झाला की तार त्यातून घसरते आणि नॉब पूर्ण ओढूनही लिव्हर अर्ध्यावर राहते. तिसरी जागा म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर बाहेर येते ती. तिथे आवरण चेपलेलं किंवा फार तीव्र वळलेलं असेल तर तार अडकते.

जुळवणी अशी करा. नॉब पूर्ण आत ढकला, मग दोन मिलिमीटर बाहेर घ्या. लिव्हर बोटाने चोक सुटण्याच्या बाजूच्या ठोकरीला टेकवून धरा आणि तशीच धरून तारेचा स्क्रू आवळा. नॉबची ही दोन मिलिमीटरची ढील मुद्दाम ठेवायची असते. ती नसेल तर वायर सदैव ताणलेली राहते आणि इंजिन आपल्या रबरांवर हललं की चोक थोडा थोडा लागतो. आवळून झाल्यावर पुन्हा घरच्या माणसाला आत बसवा आणि दोन्ही टोकं तपासा. तारेचं उरलेलं टोक लांब लोंबकळत ठेवू नका, ते ॲक्सिलरेटरच्या लिव्हरमध्ये अडकू शकतं.

नॉब आपोआप आत जात असेल तर नॉबमागची पकड झिजलेली असते. काही वायरींचा नॉब फिरवून अडकवता येतो, तो आधी करून बघा. नवी वायर मिळेपर्यंत ओढलेल्या दांड्यावर कपड्यांचा चिमटा लावला तरी काम भागतं, फक्त गाडी चालू झाल्यावर काढायला विसरू नका. मुंबईत उन्हाळ्यात अर्ध्या-एक मिनिटात चोक आत गेला पाहिजे. महाबळेश्वरला किंवा जानेवारीतल्या नाशिकच्या सकाळी जरा जास्त वेळ लागेल. चोकशिवाय इंजिन अडखळत असेल तेवढ्यापुरताच तो ठेवा. कारण जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं तेल धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं.

लिव्हर जड असेल तर

वायर सोडून लिव्हर नुसत्या बोटाने हलवून बघा. ती मऊ हलली पाहिजे. जड असेल तर फ्लॅपच्या दांड्याला आणि सांध्यांना कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारा, हलवत राहा, पुन्हा मारा. तिथे इंजिन ऑइल घालू नका, त्यावर धूळ बसते आणि आठवड्याभरात आधीपेक्षा जास्त जाम होतं. फवारा मारताना इंजिन थंड हवं आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी. बिडी-सिगारेट, देवासमोरची समई, काहीही पेटतं असेल तिथून गाडी लांब घ्या. पत्र्याच्या बंद शेडमध्ये हे काम करू नका.

एसयू असेल तर जेट खालून हाताने वर ढकलून बघा. चोक सोडल्यावर तो स्वतःहून पूर्ण वर आला पाहिजे. घाण बसली की तो मध्येच अडकतो. नॉब आत, लिव्हर जागेवर, आणि जेट मात्र खालीच राहिलेला. बाहेरून सगळं ठीक दिसतं म्हणून हा दोष बराच काळ लपून राहतो. तिथेच जलद स्लोचा, म्हणजे चोक ओढल्यावर स्लो वाढवणारा, स्क्रू असतो. चोक पूर्ण सुटलेला असताना तो स्क्रू आणि त्याखालचा वाकडा कॅम यांच्यात जाडसर कागद सरकेल एवढी, साधारण ०.४ मिलिमीटर फट हवी. फट नसेल तर गरम इंजिन उगाच वेगाने फिरत राहतं आणि लोक त्यासाठी नेहमीचा स्लो कमी करत बसतात.

चोकवर नाहक आळ येतो तेव्हा

चोक हाताने पूर्ण सोडवला, तरीही काळा धूर येतोच आहे. आता फ्लोटकडे, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाकडे वळा. फ्लोटखालची सुई झिजली किंवा तिच्यात कचरा अडकला की पेट्रोल थांबतच नाही. पितळी फ्लोट असेल तर तो काढून कानाशी हलवा, आत पेट्रोल खुळखुळलं तर त्याला भोक आहे. खात्री करायची असेल तर गरम पाण्यात बुडवा, जिथून बुडबुडे निघतील तिथे चीर. फ्लोट चुलीवरच्या पाण्यात बुडवायचा नाही, पाणी घरात गरम करून लांब आणायचं.

आता तो चौथा, फसवा प्रकार. गरम गाडीला चोक लागतोच, याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पडतं किंवा फुकटची हवा मिळते. चोक फक्त ती उणीव झाकतो. स्लोचा जेट तुंबलेला असतो, नाहीतर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरकडे नेणारा भाग) यांच्यामधलं पॅकिंग फुटलेलं असतं. आधी कार्बोरेटरचे तळाचे नट हलके आवळून बघा. हलकेच, कारण जोर लावला तर कार्बोरेटरची तळपट्टी वाकते आणि मग गळती कायमची होते. स्लो जेट काढता आला तर हवेच्या दाबाने फुंका. तार किंवा पिन घालू नका. पितळ मऊ असतं, भोक जरा मोठं झालं की जेट वाया गेला.

सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे या गाड्यांची कुरकुर वाढली आहे, हे खरं आहे. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, म्हणून थंड इंजिनाला चोक अधिक हवा असतो. ते हवेतली ओल ओढून घेतं, जुने रबरी पाइप फुगवतं, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर फ्लोटच्या खोलीत पांढरट साका धरतो. तोच साका स्टार्टर जेट बुजवतो. म्हणजे वायर उत्तम, लिव्हर दोन्ही टोकांना टेकते, पॅडलवर पाय नाही, प्लगला ठिणगी चांगली, आणि तरी सकाळी प्लग कोरडा निघत असेल तर संशय स्टार्टर जेटवर घ्या. पाइप चिरलेले दिसले तर त्याच दिवशी इथेनॉलला टिकणारे बसवा. गरम मॅनिफोल्डवर ठिबकणाऱ्या पेट्रोलशी चालढकल करायची नसते.

चकतीचं झाकण

घरी करण्यासारखं हे शेवटचं काम आहे, आणि तेही सवय असेल तरच. झाकण काढण्याआधी लिव्हर कोणत्या कोनात आहे त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. स्क्रू एकेक करून थोडे थोडे सैल करा, आत स्प्रिंग असते. खाली पांढरं कापड अंथरा. चकतीचा आणि ती ज्या पृष्ठावर टेकते त्याचा चेहरा उजेडात तिरका धरून बघा. गोलाकार ओरखडे बोटाच्या नखाला लागत असतील तर चकती बंद असूनही पेट्रोल गळतं. म्हणजे वायर सोडून लिव्हर हाताने दाबल्यावरही जो धूर जात नव्हता, तो इथून येतो. नुसती घाण असेल तर क्लीनरने धुवा, सुकवा आणि होतं तसंच बसवा. पॉलिश पेपर चालवू नका. सपाट पृष्ठ जराही असमान झालं तर ते घरी पुन्हा सपाट होत नाही.

इथे हात थांबवा

फ्लॅपचा किंवा थ्रॉटलचा बारीक स्क्रू ढिला दिसला तर गाडी सुरूच करू नका. हे स्क्रू बसवताना टोकाला ठोकून पक्के केलेले असतात. एखादा सुटला तर सरळ सिलिंडरमध्ये जातो.

थ्रॉटलचा दांडा धरून आडवा हलवला आणि खुळखुळला, तर बॉडी झिजली आहे. तिथून हवा जात राहणार आणि कोणतीही जुळवणी टिकणार नाही. बुश बसवणं हे लेथचं काम आहे. डिपस्टिकवरच्या ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. तिथल्या तिथे ऑइल बदलून घ्या, नाहीतर बेअरिंग जातील. जेट जागेवरून हलत नसेल तर पान्यावर जोर वाढवू नका, कार्बोरेटरच्या बॉडीचा धातू ठिसूळ असतो. कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर ठिबकत असेल तर पंपाचा पाइप बंद करा, बॅटरी सोडा आणि मिस्त्रीला गाडीपाशी बोलवा. वरची सगळी तपासणी करूनही थंड इंजिन पकडत नसेल, तर पॉइंट, कंडेन्सर, व्हॉल्व्हची फट आणि कॉम्प्रेशन बघायला हवं, तेही मिस्त्रीकडेच.

मिस्त्री निवडताना कार्बोरेटर रोज हाताळणारा माणूस शोधा. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि टॅक्सीवर हात बसलेले जुने फिटर आता सहज सापडत नाहीत. जिथे सापडतील तिथे गाडी एक दिवस जास्त ठेवावी लागली तरी ठेवा. कार्बोरेटर खोलायला देताना समोर उभे राहा, प्रत्येक जेटवर कोरलेला आकडा वहीत लिहून घ्या आणि जुने जेट परत मागा. बाजारात मिळणाऱ्या किटमधल्या जेटवर तोच आकडा असला तरी भोक तेवढंच असेल याची खात्री नसते, आणि मूळचा जेट हाताशी असला तर नव्याशी ताडून बघता येतो.